साडूचा उपास

शुक्रवार, २२ ऑगस्ट १९८६. फेअरबँक्स

सुमित्राच्या हट्टापायी शेवटी अलास्कात येऊन पडलो. 'अहो, जा हो चार दिवस, डोकं शांत होईल,' हे वाक्य जून-जुलैत तिने इतक्या वेळा ऐकवलं की डोकं बिघडलं ते त्यानेच. मार्चमध्ये कंपनीने आमचा अख्खा मजला रिकामा केला. तेव्हापासून मी शुगर लँडच्या घरात बसून आहे आणि ती माझ्याभोवती पाय न वाजवता वावरते. ही वहीही तिचीच भेट. मनातलं लिहा, म्हणाली. लिहितो. वाचायची परवानगी मात्र तिला नाही.

सायकलचा बेत माझ्या साडूचा. डॉक्टर जगन्नाथ, मुक्काम वेस्ट विंडसर, न्यू जर्सी. माझ्या मेहुणीचा, कांचनचा नवरा. माझ्याहून तीन वर्षांनी लहान आणि सासूबाईंच्या लेखी माझ्याहून सगळ्या बाबतींत मोठा. त्यांच्या प्रत्येक पत्रात एक परिच्छेद जगन्नाथरावांचा असतो. जगन्नाथरावांनी नागपूरला फोन केला, जगन्नाथरावांनी लेकीला, मीनाक्षीला शुभंकरोती शिकवलं, जगन्नाथराव अमेरिकेत राहूनही श्रावणी सोमवार करतात हो. माझ्याबद्दल शेवटी एक ओळ: 'दिगंबररावांची प्रकृती बरी असेल.'

रस्त्याचं नाव डेनाली हायवे. हायवे कसला, एकशे पस्तीस मैलांची खडी आहे. पहिल्या वीस मैलांवर डांबर, मग काही नाही. वाटेत खेडं नाही, दुकान नाही, फोन नाही. दोन-तीन लॉज आहेत, शिकाऱ्यांसाठी. पॅक्सनहून निघायचं, पाच दिवसांत कँटवेलला पोचायचं. मी सहा आठवडे शुगर लँडच्या उकाड्यात रोज तीस मैल मारले आहेत. शिवाय मी पुण्याचा. आमच्या पिढीत सायकल शिकवावी लागत नसे. हा नागपूरचा, घरच्या गाडीतून कॉलेजात जाणारा. बघू काय दम आहे ते.

विमानतळावर त्याने मला मिठी मारली. 'दिगंबरराव, यू लुक ग्रेट!' म्हणाला. मी कसा दिसतो ते मला ठाऊक आहे.

शनिवार, २३ ऑगस्ट. टँगल लेक्स

एकवीस मैल. मी दीड तास आधी पोचलो.

सामानाची वाटणी मी केली. तंबू, स्टोव्ह आणि भांडी त्याच्याकडे. खाण्याचं सगळं माझ्या पिशव्यांत. कोठार माझ्या हातात असलेलं बरं, कारण हा माणूस घड्याळ लावून खातो. दर तासाला सायकल उभी करून दोन बिस्किटं, अर्धं केळं, मग पाणी. 'फ्युएल,' म्हणतो. चाळिशीच्या पुढचा माणूस, न्यू जर्सीतला नामांकित डॉक्टर आणि बालवाडीतल्या पोरासारखी मधली सुट्टी लागते!

झुडपांना इथे आत्ताच लाल रंग चढलाय. माणूस म्हणून दिसत नाही. दिवसभरात तीन गाड्या गेल्या, तिन्ही पिकअप, तिन्हींत बंदुका. एकाच्या मागच्या हौद्यातून कॅरिबू हरणाची शिंगं बाहेर आली होती. जगन्नाथ थांबून तळ्याकडे बघत राहतो. 'हे कांचनला दाखवायला हवं होतं,' असं दिवसातून चारदा. मी पुढे निघून जातो.

एक गंमत. सकाळी निघण्यापूर्वी आणि संध्याकाळी जेवणाआधी तो काळं चामड्याचं पाकीट घेऊन झुडपाआड जातो, पाच मिनिटांत परत येतो. विचारलं तर हसून म्हणाला, 'माझं नित्यकर्म.' संध्या करतो की काय कोण जाणे. सासूबाईंना कळलं तर दृष्ट काढतील.

रविवार, २४ ऑगस्ट. मॅक्लारेन नदी

आज चढ होता, खडीचा. मी एकदाही खाली उतरलो नाही. मांड्या पेटल्या होत्या, पण उतरलो नाही. माथ्यावर पाऊण तास दगडावर बसून त्याला खालून सायकल ढकलत येताना पाहिलं. अलीकडच्या पाच महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं, हे कबूल करतो.

वर आला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, 'काय स्टॅमिना आहे हो तुमचा! हॅट्स ऑफ.' मनापासून म्हणाला. तोच तर त्याचा कावा. हरलेल्या माणसाने जरा तरी कडू तोंड करावं की नाही?

आणि मग संध्याकाळी, नदीकाठी, माझ्या हातची खिचडी खाता खाता, आवाज अगदी मऊ करून:

'दिगंबरराव, रागावू नका. माझा एक पेशंट आहे, प्रिन्स्टनजवळ त्याची केमिकल फर्म आहे. तुमच्याबद्दल बोलून ठेवलंय. ओन्ली इफ यू आर ओके विथ इट.'

म्हणजे याच्यासाठी आणलं मला इथे. वीस वर्षं मी रिफायनऱ्या उभ्या केल्या आणि आता माझी शिफारस कोणाच्या तरी रक्तदाबाची तपासणी करता करता होणार. सुमित्राला हे ठाऊक असणार. दोघी बहिणींनी फोनवर ठरवलं असणार. तोंडात मारल्यासारखं झालं.

मी म्हणालो, 'थँक्स. विचार करतो.' आणि पाच मिनिटांनी, अगदी सहज: 'उद्या श्रावणी सोमवार. तुम्ही करता ना?'

'करतो म्हणजे, घरी. दूध, फळं, साबुदाणा. आईंना बरं वाटतं म्हणून.'

'मीही करतो. पण आमचा कडक. सूर्यास्तापर्यंत फक्त पाणी.'

(मी आयुष्यात एकही सोमवार केलेला नाही. सुमित्राचा उपास असतो तेव्हा तिच्या समोर बसून मी ऑम्लेट खातो.)

'सायकल चालवताना नको, दिगंबरराव. डॉक्टर म्हणून सांगतो.'

'बरं, राहिलं. सासूबाईंना लिहीन, जगन्नाथरावांनी अलास्कात सोमवारची सुट्टी घेतली.'

तो बराच वेळ भांडं घासत राहिला. मग म्हणाला, 'ठीक आहे. तुम्हाला बरं वाटणार असेल तर करू. पण उद्या अंतर कमी ठेवू या.'

तुम्हाला बरं वाटणार असेल तर! पेशंटशी बोलावं तसं. मी म्हटलं, अंतर ठरलंय तेच. सदतीस मैल, सुसिटना नदीच्या पुलापर्यंत.

इथे या दिवसांत सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही. माझ्या आलंय.

सोमवार, २५ ऑगस्ट. सकाळी

आभाळ खाली आलंय. हवा बोचरी.

जगन्नाथ पाकीट घेऊन झुडपाआड गेला तेव्हा मी त्याच्या सायकलचे पट्टे आवळत होतो. हँडलची पिशवी उघडीच होती. आत एक पत्र्याचा डबा. उघडला तर लिमलेटच्या गोळ्या, साखरेचे चौकोन, आणि शेजारी संत्र्याच्या रसाचे दोन छोटे कॅन!

म्हणजे हा उपासाचा बेत. मी पुढे जाणार, हा मागे राहून गपचूप तोंड हलवणार, आणि संध्याकाळी दोघांनीही उपास केला म्हणून नागपूरला वर्दी. लबाड कुठला! सगळ्या घराने ज्याला देव्हाऱ्यात बसवलंय, तो डब्यात साखर लपवून फिरतो.

डबा आणि कॅन उचलून माझ्या पिशवीत खाली टाकले. उपास म्हणजे उपास. त्याने रात्री डबा पुढे करून 'आपल्याला नाही जमणार बुवा' म्हटलं असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं. बहुतेक.

तो परत आला आणि म्हणाला, 'आज डोस कमी घेतलाय.' 'कसला?' 'व्हिटॅमिन,' म्हणाला आणि हसला.

त्याच दिवशी, दुपारी अडीच

वीस मैल झाले. बर्फ मिसळलेला पाऊस आडवा येतोय. रस्त्याकडेला थांबलोय. वही मांडीवर, वरून प्लास्टिक. तो समोरच्या दगडावर बसलाय.

त्याची अवस्था बघण्यासारखी आहे. माझे हात गारठून सुन्न झालेत आणि हा घामाने निथळतोय. शेवटचे तीन मैल सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नेत होता. उतरला तेव्हा हात लटलट कापत होते. बसल्या बसल्या हँडलची पिशवी चार वेळा उपसून झाली.

'काय शोधताय?'

'अं? डबा. माझा एक डबा होता.'

'कसला डबा?'

'असाच. छोटा.' पुन्हा पिशवी उपसली. 'कांचनने ठेवला होता. मी बघितला होता. बघितला होता ना?'

बिचाऱ्याला सांगताही येईना की चोरून खायचं होतं. मजा वाटली, खोटं कशाला बोलू. कुणीतरी याला एकदा तरी असा रंगेहाथ पकडायला हवा होता.

मग म्हणाला, 'दिगंबरराव, काहीतरी गोड द्या. साखर चालेल. उपास सोडू.'

'हरलात म्हणा.'

'हरलो,' तो म्हणाला. लगेच. एका दमात. 'हरलो, बाबा. द्या.'

माझा विरसच झाला. मी चार दिवस ज्याची वाट बघतोय ते त्याने चिल्लर टाकावी तसं टाकून दिलं. त्याला हरण्याचं काहीच वाटत नाही. ज्याचं सगळं भरलेलं असतं त्याला कसलं काय वाटणार?

मी म्हणालो, 'आता सतरा मैलच राहिलेत. पुलापाशी सोडू. मी पुढे होतो, तुम्ही या सावकाश.'

त्यावर तो हसायला लागला. उगाच, आवाज न करता. मग मला 'अण्णा' म्हणाला. अण्णा हा त्याचा मोठा भाऊ, नागपूरला असतो. 'अण्णा, गाडी आली का?' मी म्हटलं, आली, बसा. नाटकं सगळी. डॉक्टर लोकांना पेशंटची सोंगं बरोबर माहीत असतात.

एक पिकअप येऊन थांबली. म्हातारा शिकारी, पांढरी दाढी. काच खाली करून विचारलं, सगळं ठीक आहे ना? जगन्नाथने तोंड उघडलं. मीच आधी बोललो. 'वी आर फाइन, थँक यू. जस्ट रेस्टिंग.' म्हाताऱ्याने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि गेला.

निघतो. बसून अंग गार पडलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा. सुसिटना नदीचा पूल

पोचून पाऊण तास झाला. काय चालवली आज! समोरून वारा, चाकाखाली चिखल, आणि मी एकदाही थांबलो नाही. शेवटच्या उतारावर एकटाच मोठ्याने ओरडलो. ओरडायला इथे कोणाची आडकाठी नाही. मार्चपासून छातीवर जे बसलं होतं ते उठून गेल्यासारखं वाटलं.

पुलाच्या कठड्याच्या आडोशाला बसलोय. नदी मातकट आणि रुंद आहे. स्टोव्ह त्याच्याकडे, त्यामुळे शिजवता येत नाही. म्हणून त्याच्या गोळ्या खाल्ल्या. आधी एक, चवीपुरती. मग राहवेना. साखरेचे चौकोनही संपवले आणि रसाचा एक कॅन. माझा काही खरा उपास नव्हता.

त्याचा अजून पत्ता नाही. असेल ढकलत येत. आल्यावर रिकामा डबा त्याच्या पुढे ठेवायचा आणि त्याचं तोंड बघायचं, असं ठरवलंय. मग मी खिचडी करीन. त्याच्या ताटात जरा जास्त वाढीन. आपण काही दुष्ट नाही.

रस्त्यावर दिवे दिसतायत. दुपारचीच पिकअप असावी, जोरात येतेय. हॉर्न वाजवतोय म्हातारा.

मंगळवार, २६ ऑगस्ट. लॉज

पाहिलं तसं लिहितो.

म्हाताऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तो दुपारी पुढे गेला खरा, पण त्याचं मन लागेना. परत वळला तेव्हा आम्ही बसलो होतो तिथून दोन मैलांवर सायकल रस्त्यात आडवी होती आणि जगन्नाथ खाली खड्ड्यात, पाण्यात पडला होता. किती वेळ, सांगता येत नाही. दोन तास, अडीच तास. अंगातलं जाकीट त्याने काढून टाकलं होतं. श्वास चालू होता. हाक मारली तर डोळे उघडत नव्हते.

मी मागच्या हौद्यात त्याच्याजवळ बसलो. पुलापासून लॉज तीन मैल. लॉजच्या मालकीण बाईंनी त्याचे कपडे उतरवायला घेतले आणि पोटावरचे ठिपके बघून थबकल्या. मग म्हाताऱ्याने उचलून आणलेल्या जाकिटाच्या खिशातून काळं पाकीट काढलं. त्यात दोन सिरिंज आणि एक बाटली.

'हा डायबेटिक आहे!' बाई माझ्यावर ओरडल्या. 'तुला माहीत नव्हतं?'

नव्हतं. हे अगदी खरं आहे. मला माहीत नव्हतं.

त्यांनी मध आणला, बोटाने त्याच्या हिरड्यांना लावला, पुन्हा पुन्हा. 'ही माणसं जवळ साखर ठेवतातच,' त्या म्हणाल्या. 'माझा भाऊ होता तसा. याच्याजवळ काहीच नव्हतं?'

'नाही,' मी म्हणालो.

म्हातारा शेकोटीपाशी बसून माझ्याकडे बघत राहिला.

रेडिओवरून निरोप गेला, पण ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टर आज सकाळी आलं. मला जागा नव्हती. म्हातारा मला फेअरबँक्सला सोडणार आहे. निघण्यापूर्वी मी लॉजमागच्या कचऱ्याच्या पिंपात डबा टाकला, वर कागद सारले. हे का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. उगाच कुणाचा गैरसमज नको.

मला माहीत असतं तर मी असं केलं असतं का? नसतंच केलं. लपवलं त्यांनी. वीस वर्षांचं नातं, आणि कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आज तो कँटवेलच्या रस्त्यावर माझ्या मागून येत असता.

शुक्रवार, २९ ऑगस्ट. फेअरबँक्स

जगन्नाथ आज पहाटे गेला. शुद्धीवर आलाच नाही. रक्तातली साखर फार वेळ खाली राहिली, वर थंडी, असं डॉक्टर म्हणाले.

कांचन बुधवारी आली. दोन दिवस ती हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून होती. त्याच्या कानाशी बोलत होती, घरातलंच, लॉन कापणाऱ्याचं, मीनाक्षीच्या शाळेचं. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये. आत बसवेना. एकदा त्याच्या पापण्या हलल्या असं वाटून ती ओरडली, 'भाऊजी, या लवकर!' मी उठलो खरा, पण दारापाशीच थांबलो. तो डोळे उघडून काय म्हणेल, हा विचार आधी आला. नंतर नर्सने सांगितलं, तसं होतं, त्याला अर्थ नसतो. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

दुपारी ती स्वतःहून सांगायला लागली. 'लग्नाआधी दोन वर्षं डायबेटिस झाला होता त्याला. मला पहिल्याच भेटीत सांगितलं त्याने. मीच म्हटलं, आमच्या घरी बोलू नकोस, बाबा लग्न मोडतील. मग सांगायचं राहूनच गेलं. ताईलासुद्धा नाही सांगितलं, भाऊजी.'

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

'पण तो किती केअरफुल होता!' ती म्हणाली. 'कडक उपास? जगन? त्याने आयुष्यात कधी केला नाही. का केला असेल?'

'त्यानेच हट्ट धरला,' मी म्हणालो. 'आईंसाठी म्हणाला. मी नको म्हणत होतो.'

शब्द बाहेर पडले तेव्हा ते मलाच पटले. कोणाला काय फरक पडतो आता? गेलेला माणूस परत येत नाही, आणि मागे राहिलेल्यांना काहीतरी ऐकायचं असतं.

बुधवार, १० सप्टेंबर. वेस्ट विंडसर

आज तेरावा.

घर माणसांनी भरलंय. मराठी मंडळाची झाडून सगळी माणसं, त्याचे सहकारी, पेशंट. प्रत्येकजण माझ्याजवळ येऊन हात हातात घेतो. 'तुम्ही होतात सोबत, हेच काय ते.' चंद्रशेखर म्हणून मंडळाचे अध्यक्ष आहेत, ते डोळे पुसत म्हणाले, 'सख्ख्या भावाने केलं नसतं तेवढं तुम्ही केलंत.' पहिल्या दिवशी हे ऐकून कानकोंडं व्हायला झालं होतं. आता सवय झाली.

सुमित्रा मात्र बोलत नाही. आली त्या दिवशी सामान ठेवता ठेवता एकच विचारलं: 'तुम्ही उपास केलात? तुम्ही?' मी म्हटलं, जगन्नाथला सोबत म्हणून. माझ्याकडे बघत उभी राहिली. तेव्हापासून झोपायला मीनाक्षीच्या खोलीत जाते. बहिणीचं दुःख आहे, साहजिक आहे. होईल हळूहळू ठीक.

सकाळी गुरुजी यायच्या आधी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. कांचन ओट्यापाशी एकटी होती. तांदूळ निवडत होती, पण ताटातले तांदूळ होते तिथेच होते. मला बघून तिने दार लोटून घेतलं.

'भाऊजी, एक विचारू? मला झोप येत नाही म्हणून विचारते.'

'विचार.'

'त्याच्या हँडलच्या पिशवीत मी डबा ठेवते. नेहमी. गोळ्या आणि साखरेचा. तो निघाला त्या दिवशी मीनाक्षीच्या स्विमिंगची घाई होती. मी ठेवला असं मला वाटतं. पण डोळ्यांसमोर येत नाही. हॉस्पिटलने त्याच्या वस्तू दिल्या, त्यात नव्हता.' तिने ताट बाजूला सारलं. 'तुम्ही पिशवी पाहिली असेल. खरं सांगा. मी ठेवलाच नव्हता ना?'

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, सांगून टाकावं असं एक क्षण फार वाटलं. इथे कोणी नव्हतं, दार बंद होतं. तिने कदाचित मला मारलं असतं, कदाचित काहीच केलं नसतं. पण मग ती सुमित्राला सांगणार, सुमित्रा नागपूरला, आणि बाहेर बसलेल्या त्या पन्नास माणसांपुढून मला बाहेर कसं पडता आलं असतं? आणि हिला तरी काय मिळालं असतं? चूक ती चूक, हिची काय आणि माझी काय. हिची असली तर लोक हिला जवळ घेतील.

'नव्हता,' मी म्हणालो.

ती ओट्याला धरून उभी राहिली. दोनदा मान हलवली. 'बरं झालं सांगितलंत,' म्हणाली. 'सगळे म्हणतात, नाही नाही, तुझी नसेल चूक. तुम्ही एकट्याने खरं सांगितलंत.' मग वाकून माझ्या पायांना हात लावला. मी तिला उठवलं आणि म्हणालो, 'दोष देऊन घेऊ नकोस स्वतःला.'

मला वाटलं, प्रकरण इथे मिटलं. पण कांचनचा स्वभाव असा की तिला काही पोटात ठेवता येत नाही. ती तशीच बाहेर गेली. जिन्याच्या खालच्या पायरीवर मीनाक्षी बसली होती. बारा वर्षांची आहे, बापासारखीच कपाळाला आठी घालून ऐकते. कांचन तिच्यासमोर खाली बसली आणि सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली. की बाळा, डॅडींचा डबा मी ठेवायला विसरले.

मीनाक्षीने मान वर केली. मग म्हणाली, 'यू फरगॉट?'

'हो बाळा.'

'यू ऑल्वेज सेड, चेक ट्वाइस. यू मेड मी चेक ट्वाइस.'

कांचनने तिचा हात धरायला हात पुढे केला. पोरीने तो झटकला नाही, नुसता आपला काढून घेतला, उठली आणि वर गेली. दार लागल्याचा आवाज खाली ऐकू आला. सुमित्रा भिंतीशी उभी होती. ती वर गेली नाही आणि बहिणीजवळही गेली नाही. माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात गुरुजी आले. मंत्र, दानं, सगळं वेळेत झालं. मीनाक्षीला दोघी-तिघी बोलवायला गेल्या. ती आली नाही. दुपारी गोडाचं जेवण मांडलं. मी मागच्या पंगतीला बसतो म्हणत होतो, पण कांचनने ऐकलं नाही. डोळे सुजलेले, तरी माझ्या हाताला धरून तिने मला पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं आणि पहिला घास मी घेईपर्यंत कोणाला जेवायला सुरुवात करू दिली नाही.